सातवी सही

॥ श्री ॥

शनिवार पेठ, पुणे ३०
९ जून १९९७

प्रिय प्रेमला,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे इकडे बरे आहोत, तुम्ही मांजरीकरही बरे असाल असं धरून चालते. सोजरबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कुणीतरी सांगितलं होतं, कोणी ते आता आठवत नाही. मी भेटायला यायला हवं होतं. पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहावं यात माझी दहा मिनिटं गेली, शेवटी नुसतं नाव लिहिलं. पोस्टमनला तेवढं पुरतं.

चार वर्षांनी ताईंना आठवण झाली म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुझ्या मनात आलं असेल. बरोबर आहे, काम आहे. पण आधी थोडी खबरबात ऐक. शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. आमचे हे तर कधीचेच निवृत्त आहेत आणि सध्या वर्तमानपत्रातल्या चुकांखाली लाल रेघा मारून ते संपादकांना पाठवतात. उत्तर अजून आलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, संपादक लाजले असतील.

आपलं मंडळ जोरात चालू आहे. श्रावणातले मंगळवार तर आपले ठरलेलेच, पण हल्ली कुणाच्या साठीला, कुणाच्या सोसायटीच्या वर्धापनदिनालाही मंगळागौरीचे खेळ करायला बोलावतात. पूर्वी नव्या नवरीनं रात्रभर जागायचं असे. आता दुपारी तीन ते सहा, मध्ये बटाटेवडे. नऊवारी नेसून पन्नाशीच्या बायका फुगड्या घालतात हे बघायला माणसं खुर्च्या धरून बसतात. तू होतीस तेव्हा आपण सात-आठ जणी होतो, आता अकरा आहोत. पण सूप नाचवणं तुझ्यासारखं कुणाला जमलेलं नाही. आम्ही नाचवतो म्हणजे धान्य पाखडल्यासारखं दिसतं.

आता कामाचं. शाळेच्या ज्या सभागृहात आपण दर मंगळवारी तालीम करतो, तिथे नवे मुख्याध्यापक आले आहेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर नियम लावला की सभागृह फक्त नोंदणी झालेल्या संस्थेलाच मिळेल. मी त्याच शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, पण मी संस्था नाही. आषाढ लागायच्या आत निदान अर्ज दाखल केल्याची पोच दाखवा, म्हणाले. तोवर आमच्या बैठकीच्या खोलीत एक तालीम करून पाहिली. खालचे बिऱ्हाडकरू वर आले आणि शांतपणे म्हणाले, "छत खाली आलं की आम्हीही खेळात सामील होऊ."

म्हणून ह्यांचे शाळेपासूनचे मित्र दीनानाथ वकील यांच्याकडे गेलो. त्यांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, मंडळ माझ्या एकटीच्या नावावर धंदा म्हणून नोंदवायचं. "श्यामला देवस्थळी, फुगड्यांचे घाऊक व किरकोळ व्यापारी," हे लगेच म्हणाले. शिवाय धंद्याला सभागृह मिळणार नाही, त्यामुळे तो रस्ता तिथेच संपला. दुसरा, विश्वस्त संस्था. दोन-तीन विश्वस्त नेमायचे, ते तहहयात राहतात, ठरवायचं ते त्यांनी ठरवायचं, बाकीच्यांनी खेळायचं. तिसरा, सभासदांची संस्था. तिला निदान सात जणी लागतात. प्रत्येकीला एक मत, दरवर्षी सभा, ठरावीक वर्षांनी निवडणूक.

खरं सांगायचं तर मला विश्वस्त संस्थाच पसंत होती. वीस वर्षं मी हे मंडळ चालवते आहे, कुठे जायचं, कोण पुढे उभी राहील, कुणाची फुगडी कुणाशी, सगळं मीच बघते. पण मंदाकिनीनं ऐकलं नाही. ती बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे आहे आणि तिला प्रत्येक गोष्ट ठरावानं व्हायला हवी असते. "आम्ही काय तुमच्या पदरी आहोत का?" असं सगळ्यांसमोर म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठीक आहे, म्हटलं, सभासदांची तर सभासदांची.

मग दीनानाथांनी अकरा नावं वाचली आणि चष्मा काढला. माझी बहीण, जाऊ, सून, दोन भाच्या. "एका घरातलं एकच नाव ठेवा वहिनी, नाहीतर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत विचारतील की ही संस्था आहे की तुमचं रेशनकार्ड." नातेवाईक वगळले तर मोजून सहा उरतो.

सातवी तू हवीस. मंडळाच्या पहिल्या चौघींतली तू एक आहेस. बालवाडी शिक्षिकांच्या शिबिरात तू दुपारच्या सुट्टीत सूप हातात घेतलंस आणि आम्ही पुण्याच्या बाया तोंडं उघडी टाकून बघत राहिलो, तिथून तर हे सगळं सुरू झालं. अनोळखी बाईला सातवी म्हणून घ्यावं असं कुणालाच वाटत नाही. महिनाअखेरपर्यंत सातवी मिळाली नाही तर विश्वस्त संस्था करायची, असं ठरलं आहे. मला तेही चालेल, पण बाकीच्या हिरमुसतील.

तू त्या वर्षी थांबलीस त्याचा विषय काढावा की नाही कळत नाही. बजरंगराव गेले आणि त्याच वर्षीच्या श्रावणात सहकारनगरच्या आनंदीबाईंनी त्यांच्या मुलीच्या मंगळागौरीला तू नको म्हणून सांगितलं. त्यात तुझा-माझा काही दोष नव्हता. लोकांच्या घरी शुभकार्य असतं, त्यांच्या मनाप्रमाणे घ्यावं लागतं. नंतर तूही आली नाहीस. असो, झालं ते झालं.

सोबत संस्थेच्या नियमांचा मसुदा जोडला आहे, माझ्याच अक्षरात. नाव 'मंगळवारच्या मैत्रिणी' ठेवलं आहे. ("बाकीचे सहा दिवस काय असता?" इति हे.) शेवटच्या पानावर सहा सह्या झाल्या आहेत. सातव्या ओळीत सही करून परत पाठव.

तुझी,
श्यामला


मांजरी बुद्रुक
१६ जून १९९७

सौ. श्यामलाताई यांस,

सा. न. पत्र व मसुदा मिळाला. सासूबाईंचा डोळा आता चांगला आहे, त्या सुईत दोरा ओवतात.

मसुदा दोनदा वाचला. कलम चार: 'मंडळाच्या उद्दिष्टांशी सहमत असणारी, अठरा वर्षांवरील कोणतीही सुवासिनी स्त्री सभासद होऊ शकेल.' बजरंगरावांना जाऊन चार वर्षं झाली. आपल्याच नियमाप्रमाणे मी सभासद होऊ शकत नाही. तरी सातव्या ओळीत सही कोणत्या नात्याने करावी ते कळवावे.

मसुदा वेगळ्या पाकिटातून परत पाठवते आहे.

आपली,
प्रेमला बजरंग थोरात


शनिवार पेठ, पुणे ३०
२५ जून १९९७

प्रिय प्रेमला,

तुझं कार्ड गेल्या बुधवारी आलं. उत्तर लिहायला आठवडा लावला आणि त्यात चार कागद फाडले. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे ह्यांनी ते माझ्याआधी वाचलं. वाचून माझ्यापुढे ठेवलं आणि एक शब्द न बोलता आत गेले. छत्तीस वर्षांत हे असे गप्प बसलेले मी फार तर दोनदा पाहिले असतील.

मी मसुदा काढून कलम चार पाहिलं. माझंच अक्षर, ठळक, वळणदार. प्रेमला, मी तो शब्द मुद्दाम लिहिला नव्हता. हळदीकुंकवाची आमंत्रणं लिहून लिहून हात बसलेला, तो शब्द आपोआप उतरला. दीनानाथांनी वाचलं, सहा जणींनी वाचून सह्या केल्या, आणि एकीलाही काही खटकलं नाही. आणि त्याच कागदावर मी तुझी सही मागितली. वर लिहिलं, तुझा-माझा काही दोष नव्हता. तो शब्द मी विचार करून लिहिला असता तर एवढी लाज वाटली नसती. विचार न करता लिहिला म्हणजे तो माझ्यात किती मुरला आहे ते बघ.

काल मंगळवार होता. तालमीऐवजी सगळ्या जणी आमच्याकडे बसल्या. मी कार्ड वाचून दाखवलं. मग मंदाकिनी म्हणाली, "वाईट वाटतं, पण शब्द राहू द्यावा. तिला आपण खास बाब म्हणून घेऊ. उद्या एखादी यजमानीणबाई हरकत घेईल, तेव्हा नियम दाखवता आला पाहिजे."

मी विचारलं, "आजवर हरकत कुणी घेतली आहे?"

"अहो असं काय करता, तुमच्या त्या सहकारनगरच्या आनंदीबाईंनी नाही का घेतली?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, हो, त्या फार कडक होत्या म्हणे. मी त्या वेळी चहा ओतत होते. चहा कपातून बशीत आणि बशीतून सतरंजीवर गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून ओततेच आहे. चार वर्षं आमच्या मंडळात एका बाईच्या नावानं हा नियम चालू आहे. दोन वर्षांपूर्वी कोथरूडच्या, नवरा गेलेल्या एका चांगल्या बाईला याच नावावर आम्ही परत पाठवलं. मी विषय तिथेच थांबवला, मसुदा पुन्हा लिहिते म्हटलं, आणि सगळ्यांना घरी जाऊ दिलं.

आता तुला सांगते. आधी तुलाच सांगायचं, त्यांना नंतर.

आनंदीबाई काहीही म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. उलट त्यांनीच फोन करून विचारलं होतं, "सूप नाचवणाऱ्या त्या उंच बाई येणार आहेत ना?" मी म्हटलं, त्यांना यंदा जमायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन मांजरीला आले, तुमच्या ओट्यावर बसले, आणि त्या नको म्हणतात असं तुला तोंडावर सांगितलं. तू चहा करायला आत गेलीस. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला होता. तरीही मी खरं बोलले नाही, चहा प्यायले आणि हडपसरची बस पकडली.

का केलं, याचं एक सोपं उत्तर मी इतकी वर्षं स्वतःला देत आले: कुणी काही बोललं असतं तर तुलाच लागलं असतं, मी तुला त्यातून वाचवलं. हे उत्तर मी ह्यांनाही दिलं होतं. परवा पुन्हा दिलं. हे म्हणाले, "आणि सूप?" एवढंच.

हो, सूपच. आदल्या वर्षी वर्तमानपत्रात आपला फोटो आला होता, त्यात तू मध्यभागी होतीस आणि माझा फक्त अंबाडा दिसत होता. ज्या घरी जावं तिथे विचारायचे, मांजरीच्या बाई आल्यात ना? मंडळ मी उभं केलं, बोलणी मी करायची, साड्यांच्या काठांपासून सगळं मी ठरवायचं, आणि लोकांना आठवायचीस तू. मला तुझा हेवा वाटत होता. बजरंगराव गेले तेव्हा मला खरंच रडू आलं, ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर चार महिन्यांनी मला ते सोयीचं झालं, हेही खोटं नाही. हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. आता पुन्हा उचललं आहे.

माफ कर असं लिहिण्याचा मला हक्क आहे की नाही माहीत नाही. तरी लिहिते. माफ कर.

मसुद्याचं सांगते. कलम चारमधला तो शब्द गेला. आता 'अठरा वर्षांवरील कोणतीही स्त्री' एवढंच आहे. सह्यांच्या तक्त्यात कुणाच्याही नावाआधी सौ. नाही की श्रीमती नाही, सातही नावं नुसती नावं. आणि कलम नऊ मी नवीन घातलं आहे: 'कोणत्याही सभासदाचे म्हणणे सभेसमोर ऐकून घेतल्याशिवाय, व सभेच्या दोन-तृतीयांश मतांशिवाय, तिला मंडळातून कमी करता येणार नाही.' दीनानाथ म्हणाले, "वहिनी, तुम्ही अध्यक्षांचे हात बांधताय." म्हटलं, बांधा, फुगडीपुरते सोडलेत म्हणजे झालं.

विश्वस्त संस्था करायची नाही, हे मी नक्की केलं आहे. तू सही केलीस तरी नाही आणि नाही केलीस तरी नाही. तहहयात कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं हे मी एकटीनं ठरवलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. सातवी मिळाली नाही तर सभागृहाशिवाय राहू, आमच्या गच्चीवर नाचू. खालच्यांना मी समजावेन.

नवा मसुदा सोबत आहे. मागच्या सहा सह्या रद्द झाल्या, सगळ्या ओळी कोऱ्या आहेत. तुझ्या मनात असेल तर कर. नसेल तर कोराच परत पाठव, मी कारण विचारणार नाही.

तुझी,
श्यामला


मांजरी बुद्रुक
२९ जून १९९७

श्यामलाताई,

नमस्कार. पत्र काल दुपारी मिळालं. बालवाडी सुटल्यावर ओट्यावर बसून वाचलं, मग सासूबाईंना वाचून दाखवलं, मग संध्याकाळी पुन्हा एकटीनं वाचलं.

तुम्ही जे कबूल केलंत ते मला माहीत होतं. त्याच वर्षापासून माहीत होतं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक रिक्षा आमच्या गल्लीत आली. आतल्या बाई घरोघरी विचारत होत्या, सूप नाचवणाऱ्या बाई कुठे राहतात. त्या आनंदीबाई होत्या, बरोबर त्यांची लेक. लेकीला सूप शिकायचं होतं. सासूबाईंनी चहा केला, त्यांना ओल्या हरभऱ्याची भाजी बांधून दिली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मंगळागौरीला का नाही आलात हो? आम्ही तुमची वाट बघत होतो." मी बशी हातात धरून बसले होते. मला त्या एका वाक्यात सगळं समजलं.

मी त्यांना म्हणाले, माझे गुडघे दुखत होते.

तुम्हाला खोटं पाडायला मला जीभ उचलावी लागली असती फक्त. मी उचलली नाही. लोक म्हणतील मोठं मन. मोठं मन वगैरे काही नाही ताई, मला भयंकर राग आला होता. पण तो परक्या बाईपुढे काढायचा नव्हता. तो तुमचा होता, तुमच्यासाठी ठेवला. दर वर्षी आषाढ संपत आला की वाटायचं, आता ताई येतील आणि सांगतील. बसच्या वेळेला मी उगाच ओटा झाडायचे. दोन वर्षांनी ते बंद केलं.

नवरा गेल्यावर लोक काय काय म्हणतात ते मी ऐकलं. कुंकू लावू नको म्हणाले, बारशाला मागे उभी राहा म्हणाले. ते सगळे म्हणणारे मला ठाऊक होते, त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती. तुमच्याकडून होती. तेवढंच मला लागलं.

पण मी थांबले नव्हते, हेही तुम्हाला कळायला पाहिजे. आनंदीबाईंची लेक दोन महिने दर रविवारी आली आणि शिकून गेली. तिचं बघून इथल्या मुली आल्या, मग त्यांच्या आया आल्या. आता बालवाडीच्या पटांगणात शनिवारी दुपारी आम्ही चौदा-पंधरा जणी असतो. त्यात तिघी माझ्यासारख्या आहेत. आम्हाला नाव नाही, नोंदणी नाही, कुणी बोलवत नाही, पण हसून हसून पोट दुखतं. सासूबाई डोळ्याला काळा चष्मा लावून सगळ्यांच्या चुका काढतात. मी सुखात आहे ताई. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहिते.

सही करावी की नाही यावर रात्री जेवताना बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, "कागूद चांगला हाय, सही कर की. पर मुक्यानं करू नगंस. काय ते त्यांच्या तोंडावर बोल, आन मग नाच." मला ते पटलं.

सही केली आहे. सातव्या ओळीत नाही, पहिली ओळ कोरी होती, तिथे केली.

आता माझी एक मागणी. कलम नऊ मी तीनदा वाचलं. चांगलं आहे. सभासदाला कमी करण्याआधी तिचं म्हणणं सभेनं ऐकून घ्यायचं. मला कमी केलंत तेव्हा हे कलम नव्हतं, हे मला समजतं. तरी माझं म्हणणं ऐकायचं राहिलंच आहे. पहिली सभा होईल तेव्हा पहिला विषय तो घ्या. सगळ्यांसमोर, आणि इतिवृत्तात लिहून. पत्रातलं फक्त आपल्या दोघींत राहतं, मला ते पुरणार नाही. तुम्ही पत्रात माफी मागितलीत, ती मी ठेवून घेतली आहे. दिली की नाही ते बोलून झाल्यावर माझं मलाच कळेल.

आपली,
प्रेमला

ता. क. सूप मी आणणार नाही. तुमच्याकडचं नीट सारवून ठेवा. मागच्या वेळी त्याच्या काठाची वेताची काडी निघाली होती, ती बोटाला लागते.


मंगळवारच्या मैत्रिणी, पुणे
४ जुलै १९९७

सभेची सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मंडळाचा नोंदणी अर्ज दिनांक ३ जुलै रोजी दाखल झाला असून, मंडळाची पहिली सभा मंगळवार दिनांक १५ जुलै रोजी दुपारी तीन वाजता शाळेच्या सभागृहात होईल. विषय पुढीलप्रमाणे:

१. सभासद प्रेमला बजरंग थोरात यांचे म्हणणे ऐकणे.
२. अध्यक्षांची निवड करणे.
३. श्रावणातील कार्यक्रम व तालमी.
४. ऐन वेळचे विषय.

प्रेमला, वरची सूचना सातही जणींना सारखीच गेली आहे. खालचं तुझ्यापुरतं.

तुझं पाकीट बुधवारी आलं आणि गुरुवारी अर्ज आत गेला. मुख्याध्यापकांनी पोच हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि किल्ली दिली. किल्ली घेताना मला इतका आनंद झाला की मी त्यांना वाकून नमस्कार करणार होते. माझ्या मुलापेक्षा लहान आहेत, म्हणून राहिले.

मंगळवारीच मी पाच जणींना सगळं सांगितलं, तुझं उत्तर यायच्या आधी. आनंदीबाईंचं, फोनचं, मोसंब्यांचं, हेव्याचंही. मंदाकिनी बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "चार वर्षांत आम्हीही कुणी मांजरीला जाऊन आलो नाही. तेही लिहून घ्या." तेव्हा पहिल्या विषयाला तुझ्यासमोर मी एकटी नसेन. आनंदीबाई तुझ्याकडे येऊन गेल्या हे मात्र मला तुझ्या पत्रातूनच कळलं. गुडघ्याचं वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. ह्यांनी त्या दिवशी स्वतःचा चहा स्वतः केला, तो मलाही दिला, आणि तो अतिशय वाईट होता.

पहिल्या विषयाला खुर्चीवर मंदाकिनी बसेल. जिच्याबद्दल विषय आहे तिनं खुर्चीवर बसायचं नसतं. इतिवृत्त माझी जाऊ लिहील, तिला सभासद म्हणून नंतर घेऊ, पण अक्षर चांगलं आहे. वेळेची मर्यादा ठेवलेली नाही. दुसऱ्या विषयाला माझं नाव मी सुचवणार नाही, कुणी सुचवलं तर मत पडेल तसं होईल. तुझ्या शनिवारच्या चौदा-पंधरा जणींना येता येत असेल तर घेऊन ये. कलम चारप्रमाणे त्यांना कुणीही अडवू शकत नाही, मीसुद्धा.

सोजरबाईंना रिक्षानंच आण, बसच्या पायऱ्या उंच असतात.

तू बोलून झाल्यावर मला उत्तर देण्याची मुभा आहे, असं दीनानाथ म्हणतात. ती मी घेणार नाही. सगळ्यांत पुढच्या रांगेत बसेन आणि शेवटपर्यंत ऐकेन.

तुझी,
एका मताची सभासद,
श्यामला